डबा कुठे उघडला? : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि माझा चुकलेला रकाना

माझ्या पहिल्या प्रश्नावलीत दोन रकाने होते. डावीकडे 'घरचं जेवण', उजवीकडे 'बाहेरचं जेवण'. कल्याणच्या पुढे कर्जतच्या वाटेवर असलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांत स्वातंत्र्यानंतरच्या काळात लोक रोज काय खात होते, हा माझा विषय. त्यात हे दोन रकाने असायलाच हवेत, हे मला इतकं उघड वाटलं की ते एकदा तपासून बघावेत असं मनातही आलं नाही.

पहिल्या दहा-बारा मुलाखतींत उजवा रकाना जवळजवळ कोरा राहिला. 'बाहेर कुठे खायचात?' असं विचारलं की समोरची आजी हसायची आणि म्हणायची, आम्ही कुठे बाहेर खाणार? मीही घाईघाईने निष्कर्ष काढून मोकळी झाले : गरिबीमुळे या पट्ट्यात साठ-सत्तरच्या दशकांपर्यंत बाहेर खाण्याची पद्धत नव्हती. प्रकरणाचा कच्चा मसुदा गाईडकडे गेला. परत आला तेव्हा त्या वाक्याच्या शेजारी पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं होतं : 'मग हे लोक दुपारी कुठे जेवत होते?'

नेट-सेट झालं आहे किंवा पेटची तयारी चालू आहे अशा तुमच्यापैकी अनेकांना हा लेख उपयोगी पडावा, तो या एका प्रश्नासाठी. कारण दुपारी हे लोक घरी नव्हतेच. कुणी काडेपेटीच्या कारखान्यात, कुणी मुंबईच्या कचेरीत, कुणी लोकलच्या डब्यात गोळ्या-बिस्किटं विकत. जेवण घरी शिजलेलं, पण खाल्लं गेलं भलतीकडेच. ते माझ्या दोन्ही रकान्यांत बसत नव्हतं, म्हणून मला ते दिसलंच नाही. आणि गंमत म्हणजे त्यासाठी मराठीत जुना, चांगला शब्द आहे : शिदोरी. मी तो शब्द लहानपणापासून ऐकत आले आणि प्रश्नावली बनवताना नेमका विसरले.

आता मागे जाऊ. या भागावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण अंबरनाथच्या शिवमंदिरापासून सुरुवात करतो. मंदिर आहेच तसं, शिलाहारांच्या काळातलं, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेलं. पण तुमचा विषय विसाव्या शतकातलं जेवण असेल तर कृपा करून अकराव्या शतकातून सुरुवात करू नका. पहिली वीस पानं भरतात खरी, पण व्हायवाला त्यांचा काहीच उपयोग होत नाही. आपल्या विषयाची सुरुवात रेल्वेपासून होते. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ साली धावली, १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोचले आणि १८५६ मध्ये कल्याणहून बदलापूरच्या बाजूने बोरघाटाच्या पायथ्याशी, पळसदरीपर्यंत. बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या जागेवरून पडलं, असं गावात सांगतात. नावाची व्युत्पत्ती खरी असो वा नसो, वाटेवरचं गाव ही ओळख जुनी आहे. पुढे लोकल आल्या आणि सीएसएमटीपासून साधारण साठ किलोमीटरवरचं अंबरनाथ, अडुसष्टवरचं बदलापूर ही रोज जाऊन-येऊन करण्याची गावं झाली. एका बाजूला दीड तास. जाऊन-येऊन तीन. जेवणाचा इतिहास लिहायचा तर हे तीन तास आधी लक्षात ठेवायला हवेत, पदार्थ नंतर.

उल्हासनगरची गोष्ट मात्र वेगळी. तिथले लोक रोजच्या नव्हे, परतीच्या तिकिटाशिवायच्या प्रवासाने आले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभी राहिली होती, दोन हजारांहून जास्त बराकींची. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या. फाळणीनंतर आणि विशेषतः जानेवारी १९४८ मधल्या कराचीच्या दंगलीनंतर सिंधी हिंदूंचे लोंढे निघाले. बरेच जण बोटीने कराचीहून मुंबईच्या बंदरात उतरले आणि तिथून त्यांना 'कल्याण कॅम्प'मध्ये आणलं गेलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून कॅम्पचं नाव उल्हासनगर झालं. रेल्वे स्टेशन यायला १९५५ उजाडलं. आजही लोक पत्ता सांगताना 'कॅम्प तीन', 'कॅम्प पाच' असंच सांगतात. पंचाहत्तर वर्षं झाली तरी तोंडातून 'कॅम्प' गेलेला नाही.

या काळाचे सरकारी कागद वाचायला बसलात तर एक गोष्ट लगेच लक्षात येईल. कागद माणसं मोजतात, बराकी मोजतात, शिधा मोजतात. धान्य किती आलं, कार्डं किती वाटली. धान्य हातात पडेपर्यंतचा हिशेब चोख. मग ते कुणी दळलं, चूल कुठे मांडली, सरपण कुठून आणलं, नळावर किती वेळ उभं राहिलं, हे कुठेच नाही. एका लांबलचक बराकीत अनेक कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. पडद्याच्या अलीकडे काय शिजतंय हे पलीकडच्यांना वासावरून कळणारच. कागदावर शिधा आहे, स्वयंपाक नाही. म्हणजे बाईच्या हातून जे घडलं तेवढं नेमकं गळलं. ही गळती अपघाताने झालेली नाही. शिधा हा खर्च होता, तो मोजावाच लागे. स्वयंपाकाचे पैसे कुणी देत नव्हतं, म्हणून त्याची नोंद करायची गरज कुणाला पडली नाही.

मग शोधायचं कसं? मी पदार्थाकडे वळले आणि मला कोकी भेटली.

कोकी म्हणजे सिंधी घरातली जाड, खुसखुशीत पोळी म्हणा हवं तर. कणकेत तुपाचं भरपूर मोहन, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, अनारदाणा, मीठ. पीठ घट्ट मळायचं, पाणी कमीत कमी. गोळा जाडसर थापून तव्यावर अर्धवट भाजायचा, उतरवायचा, पुन्हा लाटायचा, आणि मग मंद आचेवर तूप सोडत दोन्ही बाजूंनी निवांत भाजायचा. दोनदा भाजतात कशाला, असं विचारलं तर उत्तर येतं : अशीच करतात. पण कृती नीट बघा. कमी पाणी, जास्त स्निग्धांश, दोनदा भाजणं. हे सगळं पदार्थ टिकवण्याचं तंत्र आहे. कोकी दोन-तीन दिवस सहज टिकते. आजही सिंधी कुटुंब लांबच्या गाडीने निघालं की डब्यात कोकी असतेच. कृतीतच प्रवास मळलेला आहे, आणि ही गोष्ट कुठल्याही फायलीत सापडणार नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना. 'कोकी हे फाळणीचं अन्न आहे' असं वाक्य लिहायचा मोह मला झाला होता. ते चूक ठरलं असतं. कोकी फाळणीच्या कितीतरी आधीची. श्रावणात थदरीच्या दिवशी सिंधी घरांत चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशी केलेलं थंड खातात, आणि त्यात गोड लोलो आणि कोकी हेच मुख्य. म्हणजे टिकाऊ पोळीचं ज्ञान सणातून घरात आधीच होतं. प्रवासाच्या वेळी ते कामाला आलं. पदार्थ संकटातून जन्मला, अशा गोष्टी ऐकायला फार गोड असतात. वडापाव दादर स्टेशनबाहेर १९६६ साली जन्मला, ही गोष्ट आपण सगळेच सांगतो, पण वडा आणि पाव दोन्ही त्याआधी होतेच की. जन्मकथेपेक्षा पदार्थाने काम कधी आणि का बदललं, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला जास्त देऊन जातो.

कोकीच्या शेजारी आपली दशमी ठेवून बघा. दशमीही प्रवासाची. पण तिचं पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचं. त्यामागे टिकण्याचा विचार थोडा आणि सोवळ्याओवळ्याचा जास्त. पाण्यात शिजलेलं अन्न वाटेत, परक्यांच्या शेजारी बसून खाणं जुन्या ब्राह्मणी घरांत चालत नसे. दुधातलं, तुपातलं चालायचं. रेल्वे आली तेव्हा हा प्रश्न सुटला नाही, उलट रेल्वेने तो पक्का केला. स्वातंत्र्याआधीच्या काळात स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशी वेगळी सोय असायची. म्हणजे शिदोरी फक्त भूक भागवत नव्हती, शेजाऱ्यापासून अंतरही राखत होती. तुम्ही प्रवासातल्या जेवणावर काम करणार असाल तर ही बाजू टाळू नका. 'आजीच्या हातची दशमी' असा हळवा सूर लावला की जात अलगद गायब होते.

बराकीत हे अंतर राखणं कठीण होतं. पडदा गोणपाटाचा, नळ सामाईक. सिंधी घरांत सोवळ्याचा कडकपणा तसाही कमी. त्यामुळे इथे घरचं अन्न घराबाहेर पडायला फार वेळ लागला नाही. दाल पकवान घ्या. चण्याची डाळ, वर चटणी आणि कच्चा कांदा, सोबत मैद्याचं कडक तळलेलं पकवान. हा सुट्टीच्या सकाळचा घरचा नाश्ता. आज उल्हासनगरात सकाळी गाडीवर, दुकानात दाल पकवान मिळतं आणि मुंबईहून लोक खास त्यासाठी येतात. पापडाचंही तेच. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे पापड आणि पाणी ठेवायचं ही सिंधी घराची रीत. मोफत शिधा काही काळाने बंद झाला, घर चालवायचं कसं हा प्रश्न आला, तेव्हा बायकांनी पापड लाटले, लोणची घातली, आणि पुरुषांनी, शाळकरी पोरांनी ते विकलं. लोकलच्या डब्यांतून गोळ्या, बिस्किटं, कंगवे विकणारी निर्वासित पोरं त्या काळच्या अनेक आठवणींत भेटतात. मुंबईच्या लोकांना तो त्रास वाटायचा. सिंधी म्हणजे पापड, हा टिंगलीचा सूर तिथलाच, अजून पुरता गेलेला नाही. एका लाटलेल्या पापडाला कुठल्या रकान्यात घालाल? पाहुण्याला दिला तर घरचा, गाडीत विकला तर बाहेरचा. लाटणारी बाई तीच.

आणि बाहेरचं आत येण्याचंही उदाहरण आहे. पावाला, ब्रेडला सिंधीत 'डबल' म्हणतात, डबल रोटीतलं डबल. शिळा डबल हिरव्या मसाल्याच्या रश्शात वाफवला की झाला सेयल डबल. आपण शिळ्या पोळीचा कुस्करा करतो तसंच. बेकरीतून आलेली वस्तू दुसऱ्या दिवशी घरच्या कढईत घरची झाली.

अंबरनाथला माझी गाठ अगदी वेगळ्या कागदाशी पडली. इथे विसाव्या शतकाच्या विशीत 'विम्को'चा काडेपेटी कारखाना आला, स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने वाढले, मग एमआयडीसी. मी कामगारांच्या खानावळी शोधत होते. त्याऐवजी १९४८ चा कारखाने कायदा वाचला आणि चाटच पडले. कलम ४६ सांगतं की अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे सरकार कँटीन सक्तीचं करू शकतं. हे तसं माहितीतलं. पण पुढचं कलम ४७ वाचा : दीडशेहून जास्त कामगार असतील तर विश्रांतीची जागा आणि जेवणाची खोली हवी, जिथे बसून कामगाराला घरून आणलेलं जेवण खाता येईल, आणि तिथे पिण्याचं पाणी हवं. म्हणजे माझ्या प्रश्नावलीत जे जेवण दिसलं नव्हतं ते कायद्याच्या मसुदा करणाऱ्याला १९४८ साली दिसलं होतं. त्या खोलीत कोण कुणाशेजारी बसायचं, कोण डबा उघडताना झाकण आडवं धरायचं, हे अर्थात कायद्यात नाही. ते विचारावं लागतं. आणि इथे प्रश्न बदलला की उत्तरं कशी बदलतात ते बघा. 'काय खायचात?' या प्रश्नाला उत्तर येतं : भाजी-पोळी. 'कुणासोबत डबा उघडायचात?' विचारलं की माणूस अर्धा तास बोलतो. कुणाच्या डब्यात सुकट असायची म्हणून कोण उठून पलीकडे जायचं, कुणाची भाकरी सगळ्यांना हवी असायची, कोण कधीच डबा आणायचा नाही आणि चहावर दिवस काढायचा.

याच रुळांवरून १ जून १९३० पासून डेक्कन क्वीन धावते आहे, स्वतःची डायनिंग कार घेऊन. टेबलावर बसून ऑम्लेट, चीज टोस्ट खात पुण्याला जायचं. ती या तीन गावांतल्या एकाही स्टेशनवर थांबत नाही. पुढे कर्जतला मात्र पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढायला मागून इंजिनं जोडावी लागतात, गाडी थांबते, आणि त्या थांब्याच्या मिनिटांवर दिवाडकरांचा बटाटेवडा प्रसिद्ध झाला. म्हणून खाद्यइतिहासाच्या विद्यार्थ्याला मी सांगेन, पाककृतींच्या पुस्तकांआधी रेल्वेची जुनी वेळापत्रकं चाळा. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० चं, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची, दोन्ही मोलाची पुस्तकं आहेत. पण कसं करावं हे ती सांगतात. बदलापूरच्या बाईला सकाळच्या कितव्या गाडीआधी ते उरकावं लागायचं, हे वेळापत्रकच सांगतं.

कारण नोकरी करणाऱ्या बाईचा स्वयंपाक गाडीच्या वेळेवर चालतो. सातची गाडी म्हणजे पाचला उठणं, दोन डबे, कधी चार. प्रेशर कुकर भारतात तयार करणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या १९५९ च्या आहेत. त्यानंतर हळूहळू कुकर घराघरांत गेला आणि पहाटेचा अर्धा तास वाचला. तो अर्धा तास झोपेला मिळाला की आणखी लांब राहायला जाण्यात खर्ची पडला, याचा मी अजून विचार करते आहे. स्वस्त घरासाठी डोंबिवली, मग अंबरनाथ, मग बदलापूर असं सरकत गेलेलं कुटुंब तुम्हालाही माहीत असेल. घर जितकं लांब, पहाट तितकी लवकर.

आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत लेडीज डब्यात मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते, मांडीवर पिशवी घेऊन गवार मोडली जाते. मी स्वतः त्या डब्यात दोन वर्षं फील्डवर्कसाठी गेले आणि पहिले काही महिने वहीत 'प्रवास' या शीर्षकाखाली नोंदी करत होते. मग कळलं की हा स्वयंपाक आहे. रात्रीच्या जेवणाची सुरुवात ठाण्याच्या अलीकडे झालेली असते आणि बदलापूर येईपर्यंत भाजी फक्त फोडणीला टाकायची उरते. वर्तमानपत्रं याचे गोड फोटो छापतात, 'लोकलमधलं स्वयंपाकघर' वगैरे. गोड त्यात काही नाही. दिवसभर काम करून आलेल्या बाईला बसायला मिळालेली चाळीस मिनिटंही तिची नाहीत.

तिकडे बदलापूरहून बारवी धरणाकडे, कोंडेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबईकरांची रीघ लागते. फलकांवर लिहिलेलं असतं 'घरगुती जेवण मिळेल', कुठे 'चुलीवरचं'. तांदळाची भाकरी, गावठी कोंबडी, वालाचं बिरडं. आगरी आणि आदिवासी बायका पहाटेपासून राबतात, आणि ज्यांच्या स्वतःच्या घरी आठवडाभर कुकर वाजतो ते लोक इथे पैसे मोजून चुलीचं घर विकत घेतात. हा माझ्या प्रबंधाचा शेवटचा भाग, अजून कच्चा आहे, त्यामुळे इथे जास्त लिहीत नाही.

आता तुमच्या कामाचं. माझी नवी प्रश्नावली दोन रकान्यांची नाही. मी आता विचारते : किती वाजता उठायचात? डबा कोण भरायचं? कशात बांधायचात, फडक्यात, कागदात की डब्यात? उघडायचात कुठे, कुणासमोर? परत आलेल्या डब्यात काय उरलेलं असायचं, आणि ते कोण खायचं? शेवटच्या प्रश्नाला अजून एकाही घरात पुरुषाने उत्तर दिलेलं नाही. स्वयंपाकघरातून बाईचाच आवाज येतो.

आणि घाई करा. अभ्यासक्रमात सांगतात तशी आधी सगळी पुस्तकं संपवून मग मुलाखती, असं या विषयात करू नका. कराचीच्या बोटीत जी मुलगी पंधरा वर्षांची होती ती आज नव्वदी ओलांडून गेली आहे. माझ्या यादीतली काही नावं मी फोन करेपर्यंत पुसावी लागली. बराकीतली पहिली चूल कशी मांडली हे सांगू शकणारे लोक मोजकेच उरलेत, आणि त्यांच्या सुना-मुलींना कृती माहीत आहेत, पण पहिलं वर्ष माहीत नाही. संमतीपत्र देवनागरी सिंधीत आणि अरबी लिपीतल्या सिंधीत, दोन्ही करून घ्या. त्या वयाच्या अनेकांना दुसरीच लिपी वाचता येते. रेकॉर्डर सुरू करण्याआधी जेवलात का असं विचारलं जाईल. नाही म्हणू नका, बसा, आणि पोळी तव्यावर दुसऱ्यांदा कधी पडते तेवढं बघा.